पालातला फोटो

"ताई, हा फोटू तुमच्याच संस्थेचा हाय का न्हाई?"

उपसरपंच भगवानरावांनी मोबाइल वर धरला, तशी पारासमोर भरलेली ग्रामसभा माना उंचावून बघू लागली. वनमालाला बघायची गरजच नव्हती. फोटो तिनंच काढला होता. रस्त्याकडेला फाटकं पाल, त्यापुढं रतनबाई घिसाडीण बसलेली, बाजूला भाता आणि ऐरण. खालची ओळही तिचीच : 'पिढ्यान्‌पिढ्या भटकणाऱ्या रतनबाईंना आजही घर नाही, दार नाही.'

आता खरं सांगायचं तर रतनबाईला घर होतं. गावच्या गायरानात, नऊ वर्षांपासून. पत्र्याचं का होईना, पण दाराला कडी असलेलं. घण मारून मारून तिनं एकेक पत्रा जमवला होता. त्या घराची नोंद पंचायतीत घ्यायची की नाही, हे आज ठरणार होतं. नोंद झाली तर मीटर, नळ, रहिवासी दाखला, सगळंच मार्गी लागणार होतं. आणि नाही झाली तर भगवानरावांचा त्या जागेवर डोळा होताच.

मग पालातला फोटो आला कुठून? तीही गंमत ऐका. भटक्या-विमुक्तांत काम करणाऱ्या संस्थांना पुण्याचा एक ट्रस्ट अनुदान देणार होता. अनुदान देणाऱ्यांची एक खोड असते. त्यांना माणूस बुडताना दिसावा लागतो, काठाला लागलेला त्यांच्या कामाचा नाही. इकडं वनमालाच्या संस्थेच्या वसतिगृहात चाळीस मुली, आणि त्यांच्या ताटातली आमटी दिवसेंदिवस पातळ होत चाललेली. ट्रस्टची माणसं पाहणीला यायच्या आदल्या दिवशी ती रतनबाईकडं गेली होती.

"मावशी, एक दिवस रस्त्याकडंला पाल टाकाल का? पाहुण्यांना दाखवायला."

"घर सोडून पालात? कशापायी वं?" रतनबाई खळखळून हसली होती.

"वसतिगृहातल्या पोरींसाठी."

मग ती हसायची थांबली. उंदरांनी कुरतडलेलं जुनं पाल तिनं झटकून काढलं, ऐरण उचलली आणि रस्त्यावर जाऊन बसली. पाहुणे गहिवरले. अनुदान मंजूर झालं, पहिला हप्ताही आला. वनमालानं फोटो संस्थेच्या पेजवर टाकला. सगळ्याच संस्था असं करतात, असं ती स्वतःला सांगायची, आणि सांगताना तिचं तिलाच लाजल्यासारखं व्हायचं.

"बोला की, ताई," भगवानराव म्हणाले. "नऊ वर्सं झाली ऱ्हात्यात म्हंता, आन् तुमीच लिवता घर न्हाई. फोटू खोटा असंल तर तसं सांगा. ग्रामसेवक लिवून घेत्याल."

लिहून घेतलेलं पुण्याला पोचायला कितीसा वेळ! अनुदान परत जाणार, संस्थेला टाळं लागणार. वनमालाला मुलींचे चेहरे आठवले हे खरं. पण त्याआधी स्वतःचं नाव आठवलं, हेही तितकंच खरं.

"बरं, त्या न्हाई बोलत. रतनबाई, तू सांग. तूच बसलीस न्हवं? खरा हाय का बनिवलेला?"

बायकांच्या मागं जरा अंतर राखून बसलेली रतनबाई उठली. पदर सारखा केला. एकदा वनमालाकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तरी बरं वाटलं असतं हो!

"खरा हाय," ती म्हणाली.

"म्हंजी तू पालात ऱ्हातीस?"

"ऱ्हाते."

ग्रामसेवकानं लिहिलं : कायम वास्तव्य नाही. भगवानराव तंबाखू मळू लागले. पुढचा विषय गावच्या बोअरचा होता.

सभा उठल्यावर वनमालानं तिला धावत गाठलं. "मावशी, असं का बोललात? घर गेलं की हो तुमचं!"

"तुमी खोट्या पडल्या असत्या, ताई." रतनबाई चालतच राहिली. "आमाला खोटं म्हनायची लोकान्ला सवय हाय. आमी सोसतो. तुमाला न्हाई सोसायचं."

आठ दिवसांनी वनमाला गायरानात गेली. फोटो आपणच जुळवून आणला, असा अर्ज तिनं लिहून पर्समध्ये ठेवला होता. सही तेवढी राहिली होती. तीन दिवस ती राहतच होती.

जागा मोकळी करायची नोटीस दाराला डकवलेली होती. आत रतनबाई जमीन सारवत होती, मन लावून, कोपरा न् कोपरा.

"आता कशाला सारवताय, मावशी?"

"शनवार हाय. दर शनवारी सारवते." तिनं वर न बघताच हात फिरवला. "या आत. चपला तेवढ्या भाईर काढा, वलं हाय."

वनमालानं चपला काढल्या. पण त्या ओल्या जमिनीवर पाय ठेवायचा तिला धीर होईना. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.