लडींच्या वरून

बायको रुक्साना वारल्यापासून पीरसाबने रंगाची भट्टी पेटवलीच नव्हती. सूत रंगवायचं काम दोघांनी मिळून उभं केलेलं. सुताच्या ओल्या लडी वाळत घालायचे बांबू अंगणात अजून आडवे बांधलेले होते, पण त्यांवर एक धागाही नव्हता.

त्या सकाळी अंगणात चेंडू आपटल्याचा आवाज आला म्हणून तो बाहेर आला. बिपना होती. शेजारच्या गोदामावरचा नेपाळी वॉचमन गंगाबहादूर, त्याची मुलगी. सोलापुरातच वाढलेली, आता नेपाळच्या महिला क्रिकेट संघातून खेळत होती.

"चाचा, झोपमोड केली का?"

"झोपतंय कोण? कदी आलीस?"

"काल. उगंच न्हाय आले. संघातनं काढायला लागलेत मला."

बिपना फिरकी टाकायची. शिकली ती याच अंगणात. बांबूवर रंगीत लडी लोंबत असायच्या आणि चेंडू त्यांच्या खालूनच गेला पाहिजे, ही रुक्सानाची अट. लडीला लागला की ती भट्टीजवळून ओरडायची, "क्या गे, तेरे बाप का सूत है?" त्या धाकानं बिपनाचा चेंडू सपाट आणि जोरात जायला लागला. त्याच चेंडूनं तिला नेपाळच्या संघात नेलं. पण आता बाकीच्या देशांच्या पोरींना तो कळला होता. त्या मागं सरकून आरामात मारायच्या. प्रशिक्षकांनी बजावलं होतं, चेंडू हवेत उंच सोडायला शीक. पुढच्या शिबिरात जमलं नाही तर जागा नाही.

"मग सोड की उंच."

"हातच सोडत न्हाय, चाचा. बगा."

तिने टाकून दाखवलं. बांबू रिकामे, वरचं आभाळ मोकळं. तरी एकूण एक चेंडू नसलेल्या लडींच्या खालून गेला आणि स्टंप म्हणून ठेवलेल्या रंगाच्या डब्यावर आदळला.

पीरसाब बघत राहिला. मग आत गेला. ट्रंकेत रुक्सानाची चादर होती. ती गेल्यापासून कोणी उलगडली नव्हती. त्याने ती बाहेर आणून मधल्या बांबूवर टाकली. खालचं टोक जमिनीला टेकलं.

"खालची वाट बंद. आता वरनं टाक."

बिपनाने चादर ओळखली. "चाचीची हाय ही. चेंडू लागला तर ओरडंल की."

"ओरडली तर लई बरं होईल."

मग बिपनाने बाहीनं नाक पुसलं आणि चेंडू उचलला.

पहिला चेंडू चादरीवर बसला. धुळीचा गोल डाग पडला. दुसराही तिथंच. पीरसाबचा हात धूळ झटकायला पुढं झाला आणि थांबला.

"टाक, टाक. धुता येतंय."

पुढचा इतका उंच गेला की शेजारच्या पत्र्यावर वाजला.

"हा तर अक्कलकोटला गेला!" पीरसाब म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो हसला होता.

नंतरचा मात्र वर चढला, चादरीवरून अलगद गेला आणि पलीकडं उतरला. बिपनाला दिसला नाही.

"कुटं पडला?"

"डब्याच्या अलीकडं. आन् आत वळला."

"खरं सांगा, चाचा!"

"खोटं सांगून तुला संघात घेतील व्हय? परत टाक."

ऊन पत्र्यावर आलं तोवर चादर डागांनी भरली होती. तिला टाळून पलीकडं पडलेले चेंडूही आता बरेच होते.

"उद्या येऊ?" बिपनाने विचारलं.

"ये की. बांबू हातभर वर घेतो."

ती जाईपर्यंतही त्याला दम निघाला नाही. स्टूल ओढून तो वर चढला आणि बांबूची गाठ सोडू लागला.