बुटका गाऊन

मास्तरांनी काळा गाऊन डोक्यावरून अंगात घातला, स्टुलावर चढले आणि दोन्ही हात बाजूला सोडून ताठ उभे राहिले. गाऊनचा घेर पावलं झाकून स्टुलाच्या कडेवरून खाली ओघळला.

"लाव खडू," ते म्हणाले.

इस्त्रीवाला गुडघ्यांवर बसला आणि घोट्याच्या जरा वर पांढरी रेघ ओढू लागला. त्याला सगळे प्रोफेसर म्हणत. इतिहास घेऊन तो पदवीधर झाला होता, आणि पदवी घेताना त्याने घातलेला गाऊन मास्तरांच्या याच शिवणाच्या दुकानातून गेला होता. पुढे तो इथेच काम मागायला आला. तोंड काही ओळखीचं वाटलं नाही, पण गाऊन घालून आला असता तर लगेच ओळखलं असतं, असं मास्तर गिऱ्हाइकांना सांगत, आणि सगळ्यांत मोठ्याने प्रोफेसरच हसे.

"शोभताय, मास्तर. आता भाषण करून टाका."

"रेघ सरळ ओढ. भाषणं तू पुष्कळ ऐकलीस, काय झालं त्याचं?"

कॉलेजच्या पदवीदानाचे गाऊन वर्षानुवर्षं मास्तरांकडेच येत. धुऊन, उसवलेलं शिवून, ज्याच्या त्याच्या उंचीला करून द्यायचे. समारंभ झाला की परत यायचे. त्यांचा नियम एकच होता. उंची कमी करायची ती आत दुमडून आणि कच्च्या दोऱ्याने. गाऊन कुणा एकाचा नसतो, आज हा घालेल, पुढच्या वर्षी तो. कापायचं नाही. कापलेलं कापड वाढत नाही.

या कामात त्यांची मुलगी लहानपणापासून उपयोगी पडे. बापाची उंची घेतली पोरीने, अक्कल माझी घेतली म्हणून बरं, असं तिची आई म्हणे. बुटक्या मापाचे गाऊन तिच्याच अंगावर घालून बघायचे. ती याच स्टुलावर उभी राहायची, मास्तर तोंडात टाचण्या धरून सारखे "हलू नकोस" म्हणायचे, आणि ती हमखास हलायची. यातला माझा कुठला, असं ती विचारी.

"तुझा यायचाय," मास्तर सांगत.

आता तो आला होता. सोमवारपासून तिची शेवटची परीक्षा होती आणि निकाल लागला की समारंभ; गाऊन मात्र कॉलेज आधीच करून घेई. तिला न सांगता गाऊन करायचा, म्हणून माप स्वतःच्या अंगावर घेतलं. दोघांच्या उंचीत बोटाचाही फरक नव्हता. कच्चा दोरा सुटला की दुमडलेलं कापड बुटक्या माणसाच्या पायात येतं. दरवर्षी व्यासपीठाच्या पायऱ्या चढताना कुणीतरी अडखळतंच आणि सभागृह हसतं, हे मास्तरांनी ऐकलं होतं. आपली मुलगी अडखळणार नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं.

प्रोफेसर इस्त्रीकडे वळल्यावर त्यांनी गाऊन दाराशी नेला. आत हल्ली उजेड पुरत नव्हता. त्यांनी बल्ब बदलून पाहिला, मग दुसरा आणला, शेवटी मशीनच दारात आणून ठेवलं. बल्ब पूर्वीसारखे येत नाहीत, असं ते म्हणत. तिथे त्यांनी कात्री घेतली, स्वतःचा नियम मोडला आणि रेघेवरून कापत गेले. मग पक्की टीप मारली आणि तो गाऊन ढिगाच्या तळाशी सरकवून दिला. कॉलेजला त्याच्या जागी नवा शिवून देता येणार होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी दुकानात आली. स्टुलावर बसली. उगाच टेप गुंडाळत राहिली.

"बाबा, मी परीक्षेला बसत नाहीये."

मास्तर बटण लावत होते. त्यांनी दोरा तोडला नाही, पुढचा टाकाही घातला नाही.

"बरं वाटत नाही का?"

"बरं आहे. नुसतीच बसत नाहीये. काय होणार बसून? मागच्या वर्षी पहिली आलेली मुलगी चपलांच्या दुकानात पावत्या फाडते. प्रोफेसर बघा, इस्त्री करतायत."

"प्रोफेसर आळशी आहे म्हणून."

"मी इथेच उभा आहे," प्रोफेसर म्हणाला.

"उभा आहेस तर कॉलरीला इस्त्री कर."

"मला इथे बसायचंय, बाबा. मशीनवर. शिवता येतं मला, तुम्हाला माहीत आहे."

मास्तरांना ते चांगलं माहीत होतं. आपल्याला जमलं नाही ते हिने करावं, म्हणून त्यांनी तिला कधी कात्रीला हात लावू दिला नव्हता. पण पाहून पाहून ती शिकली. एकदा नवा ड्रेस घालून आली तेव्हा बाहीचा झोक बघून मास्तरांनी विचारलं होतं, कुठल्या शिंप्याकडून शिवलास, हात चांगला आहे त्याचा. मैत्रिणीच्या मशीनवर मीच शिवला, असं ती म्हणाल्यावर दोन दिवस ते तिच्याशी धड बोलले नव्हते.

"या दुकानात तुझ्यासाठी जागा नाही," ते म्हणाले.

"जागा नाही, की तुमच्या मनात नाही?"

त्यांनी मशीनचं चाक फिरवलं. खाली कापड नव्हतं, सुई मोकळीच खालीवर झाली. गाऊनचं ओठांवर आलं होतं. पण सांगितलं तर पोरीच्या गळ्यात धोंडा बांधल्यासारखं होईल, म्हणून त्यांनी बटण पुन्हा हातात घेतलं. थोड्या वेळाने ती उठून गेली. तीन वर्षांत मास्तरांनी तिला घरातलं एक काम सांगितलं नव्हतं. तिची आई ताप आलेला असतानाही उठून कामाला लागे, पण पोरीच्या पुस्तकाला कुणी हात लावत नसे.

"तू समजाव तिला," ते प्रोफेसरला म्हणाले. "तू शिकलेला आहेस."

"काय समजावू? शिकलं की इस्त्री मिळते?"

"थट्टा नको रे."

प्रोफेसरने इस्त्री उभी केली. "नोकरीपुरतं विचाराल, मास्तर, तर माझी वर्षं फुकट गेली. वडील अजून तेच म्हणतात, आणि त्यांचं चूक नाही. घरातली एक खोली त्यांनी भाड्याने दिली होती माझ्या फीपायी, सगळे दाटीवाटीने राहिलो. पण कॉलेजात वाचत बसलेलो असताना याचा उपयोग काय, असं मला कुणी विचारलं नाही. तसे दिवस परत आले नाहीत. आज कुणी देतो म्हणालं, तर पुन्हा घेईन. इस्त्रीसकट."

"मग हेच सांग ना तिला."

"सांगितलं. ती म्हणाली, मलाही तसंच वाटतं."

"तसंच वाटतं? मग अडलंय कुठे?"

प्रोफेसरने सुयांची गादी पुढे ओढली आणि एकेका सुईत दोरा ओवून ठेवायला लागला. हे काम त्याच्याकडे कधी आलं, ते दोघांपैकी कुणी बोलून दाखवलं नव्हतं.

"तिलाच विचारा," तो म्हणाला.

शनिवारी गाऊन घड्या घालून बांधायचे होते. मुलगी न सांगता आली आणि कामाला लागली. ढीग उतरत गेला. तळाचा गाऊन उचलल्यावर ती थांबली. तिने तो खांद्यांना लावून धरला. तो तिच्या घोट्याशी येऊन थांबत होता. मास्तर खाली मान घालून काज करत होते, पण त्यांचा सगळा जीव तिकडे होता.

तिने कडेवरून बोट फिरवलं. आत दुमड नव्हती.

"हा कापलात तुम्ही?"

"हं."

"माझा?"

"असेल कुणा बुटक्याचा."

ती हसली नाही. तिने गाऊन टेबलावर पसरला आणि टेप लावली.

"मागे तिरका गेलाय, बाबा. चांगला दीड बोट."

"खडू पुसट होता."

"खडू अजून दिसतोय. कात्री त्याला सोडून वर गेलीय आणि पुन्हा खाली आलीय."

प्रोफेसरची इस्त्री चालायची थांबली.

"मागे त्या गणवेशांच्या बाह्या," ती हळू बोलत होती, "एक लांब, एक आखूड. मी मैत्रिणीकडे नेऊन उसवून सारख्या केल्या. मग तो राखाडी कोट. प्रोफेसरांनी पिशवीत घालून दिला होता. काल-परवापर्यंत निभावलं. पण परीक्षा सुरू झाली, पुढे नोकरी लागली, की कोण बघणार? लोक म्हणायला लागतील, मास्तरांचा हात गेला. मग मी ती पदवी घेऊन काय करू?"

मास्तरांनी प्रोफेसरकडे पाहिलं. तो इस्त्रीची वायर सरळ करत होता. राखाडी कोटाचं गिऱ्हाईक मुद्दाम परत येऊन सांगून गेलं होतं, मास्तर, हात अजून तोच आहे तुमचा. त्या दिवशी मास्तरांनी घरी जाऊन बायकोला दोनदा ते सांगितलं होतं, आणि मुलगी शेजारी बसून ऐकत होती.

त्यांना लाज वाटली. झाकली मूठ म्हणून ते जपत होते, आणि मूठ उघडी पडून कितीतरी दिवस झाले होते. पण त्या लाजेतसुद्धा ती कॉलर त्यांच्या डोळ्यांपुढे आली.

"कोटाची कॉलर तू बसवलीस?"

"हो."

"बरी बसली होती," ते म्हणाले. मग काजाचं कापड बाजूला ठेवत, "चांगली बसली होती."

त्यांनी कात्री उचलली, मूठ तिच्याकडे करून टेबलावर ठेवली.

"परीक्षा दे. मग ही तुझी."

"मग कशाला? हा आजच सरळ करायला हवा. अंगावर असल्याशिवाय नीट कळणार नाही." तिने गाऊन त्यांच्यापुढे धरला. "चढा."

मास्तरांनी पुन्हा गाऊन अंगात घातला आणि स्टुलावर चढले. ती खाली बसली. तोंडात टाचण्या धरल्या, घेर झटकून सारखा केला. मास्तर वाकून बघायला गेले.

"हलू नका."

प्रोफेसर खोकला आणि कपड्यांवर पाणी शिंपडायला लागला. मास्तर ताठ उभे राहिले, समोर रस्त्याकडे बघत. माणसं येत-जात होती, त्यांचे रंग कळत होते, चेहरे कळत नव्हते.

"सोमवारी पेपर आहे," ती टाचण्यांमधून बोलली. "दुपारी येईन. मी येईपर्यंत कापायला काही घ्यायचं नाही."

"बरं."

"मधे सुट्टीचा दिवस आहे. त्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं."

"बरं म्हटलं ना." ते जरा घुटमळले. "मागचं सारखं करायचं तर सगळाच वर घ्यावा लागेल. आखूड होईल तुला."

"होऊ दे. पायऱ्या चढायला बरा."

कात्री उघडल्याचा आवाज झाला आणि ती मागून कापत निघाली, कापडाला धरून, कुठे न अडखळता, डाव्या पायाकडून पुढे. कात्री सरळ चालली होती. ते मास्तरांना न बघताही कळत होतं.