गुरुवारच्या गाडीतली जागा

मी लाकडाची आहे, जुनी आहे, आणि खोटं बोलायचं माझं वय आता राहिलेलं नाही. मित्रांनो, मी एक तक्रारपेटी आहे. मलावी देशात, चिंबालांगा गावच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात, लसींच्या तक्त्याशेजारी मला दोन खिळ्यांवर टांगलेलं आहे. माझ्या तोंडावर पिवळ्या अक्षरांत लिहिलंय, ‘तुमचा आवाज आमच्यापर्यंत पोचवा’. दर दोन वर्षांनी एक माणूस येतो आणि ती अक्षरं पुन्हा रंगवून जातो. माझ्या आत काय आहे ते बघायला इतक्या नेमाने कुणी येत नाही.

मला बिस्विक सुताराने घडवलं. बिस्विक शाळेची बाकं करतो, दारं करतो, आणि पावसाळ्यात मलेरिया वाढला की शवपेट्याच करतो. त्याचा हात चांगला आहे. माझ्या कडा त्याने इतक्या घासल्या की मुंगीचाही पाय घसरावा. मग जिल्ह्याच्या साहेबांनी त्याच्या हातात तीन कुलपं ठेवली. एका पेटीला तीन कशाला, असं त्याने विचारलं. साहेबांनी समजावलं, की एक किल्ली दवाखान्याच्या मुख्य माणसाकडे राहील, दुसरी गावच्या मुखियाकडे, तिसरी जिल्ह्याच्या कचेरीतून येणाऱ्या बाईंकडे. तिघं जमल्याशिवाय पेटी उघडायची नाही, म्हणजे कुणी एकटा चिठ्ठी दाबणार नाही.

बिस्विक खिळे तोंडात धरूनच म्हणाला, “म्हणजे तिघांचा एकमेकांवर भरवसा नाही, आणि गावाने मात्र तिघांवर ठेवायचा.”

साहेब हसले. बिस्विक हसला नाही.

माझ्यासारख्या चाळीस पेट्या त्या वर्षी जिल्ह्यात लागल्या. त्यामागचा विचार वाईट होता असं मी म्हणणार नाही. देशाच्या मोठ्या योजनेत लिहिलं होतं, की गरिबी हटवायची तर कारभार सुधारला पाहिजे, आणि कारभार सुधारायचा तर लोकांचं ऐकलं पाहिजे. आता ऐकणं मोजायचं कसं? कान मोजता येत नाहीत. पेट्या मोजता येतात. दूरच्या थंड देशाने पैसे दिले, तिथला एक उंच पाहुणा आला, त्याने माझ्यावरचं फडकं ओढलं. बायकांनी नाच केला. प्रत्येकाला एक बनपाव आणि थंड पेयाची बाटली मिळाली. पाहुण्याने माझ्या डोक्यावर हात ठेवून फोटो काढला. त्या दिवशी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. लाकडालाही चढते, मित्रांनो.

त्याच दिवशी एक नियम सांगितला गेला. यापुढे तोंडी तक्रार चालणार नाही. तोंडी बोलण्याची नोंद राहत नाही, त्यातून भांडणं होतात, म्हणून जे काय ते लिहून पेटीत टाका.

मी यायच्या आधी काय होतं ते माझ्या समोरच्या आंब्याला विचारा. त्या आंब्याखाली बायका दवाखान्याच्या मुख्य माणसाला, काचिंग्वेला गाठायच्या. गोळ्या का नाहीत, नर्स कुठे गेली, सुई उकळलीस का, असं तोंडावर विचारायच्या. काचिंग्वे ओरडायचा, बायका त्याच्यावर चढ्या आवाजात ओरडायच्या, आणि दुसऱ्या दिवशी निम्मं तरी काम झालेलं असायचं. काचिंग्वे वाईट माणूस नव्हता. अकरा गावांना तो एकटा होता. डॉक्टरही तोच, कंपाउंडरही तोच, आणि औषधं संपली की शिव्या खायलाही तोच. मी आले तेव्हा सगळ्यांत जास्त हायसं त्याला वाटलं. आता कुणी आंब्याखाली गाठलं की तो मान हलवून माझ्याकडे बोट दाखवायचा. बोट दाखवायला काहीच कष्ट लागत नाहीत.

पहिलं वर्ष बरं गेलं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिघं यायची आणि मला उघडायची. कचेरीच्या बाई म्हणजे वेझी, उत्तरेकडची शिकलेली मुलगी. ती चिठ्ठ्या वाचायची, मुखिया डोळे मिटून ऐकायचा. संडासाला दार बसलं ते माझ्यामुळे. एका नर्सची बदली रद्द झाली तीही माझ्यामुळे. हे मी लपवत नाही. पण जे पुढे घडलं तेही लपवणार नाही.

दवाखान्याला एक पांढरी गाडी होती. दर गुरुवारी सकाळी सातला ती जिल्ह्याच्या ठिकाणी बैठकीला जायची. पुढे ड्रायव्हर आणि काचिंग्वे, मागे कागदांचा खोका. खोक्याशेजारची जागा रिकामी. चाळीस किलोमीटर ती जागा रिकामी जायची आणि रिकामीच परत यायची. गाडी कारभाराच्या कामासाठी दिलेली होती. रुग्ण बसवायचा तर किल्लीवाल्या तिघांच्या समितीचा ठराव हवा.

मुखियाची धाकटी बहीण फालेसी. तिची मुलगी तादाला. तादालाचं पहिलं बाळ पोट कापून काढावं लागलं होतं. दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा काचिंग्वेनेच तिच्या कार्डावर लाल शाईने लिहून दिलं, की बाळंतपण इथे नको, जिल्ह्याच्या इस्पितळात, आणि तिथे महिनाभर आधी जाऊन राहायचं. तिथे अशा बायकांसाठी एक खोली असते. स्वतःचं पीठ घेऊन जायचं आणि दिवस भरेपर्यंत थांबायचं. तादालाने पिठाची पिशवी भरून ठेवली. प्रश्न फक्त जायचा होता. जानेवारीचा पाऊस, रस्ता जागोजागी वाहून गेलेला; दवाखान्याची उंच चाकांची गाडी कशीबशी जायची, मिनिबस येत नव्हती. उरली सायकल. शिवलेलं पोट घेऊन चाळीस किलोमीटर सायकलच्या कॅरिअरवर.

फालेसीने काचिंग्वेला आंब्याखाली गाठलं. मी व्हरांड्यातून ऐकत होते.

“गुरुवारच्या गाडीत मागची जागा रिकामी असते. पोरीला तेवढी दे. खोका ती मांडीवर घेईल.”

“आई, माझ्या हातात असतं तर आत्ता बसवली असती,” काचिंग्वे म्हणाला. “लिहून पेटीत टाका. सोमवारी समितीने हो म्हटलं की मी एका पायावर तयार आहे.”

“अरे, मी तुझ्यासमोर उभी आहे. तुला ऐकू येतंय. मग पेटीत कशाला?”

“नियम आहे.”

“तुझ्या मुलाच्या जन्माला पाणी मी तापवलं होतं. तेव्हा ठराव नव्हता लागला.”

काचिंग्वेने माझ्याकडे बोट दाखवलं.

तादाला सातवीपर्यंत शिकलेली. तिने वहीचं पान फाडलं, माझ्याच कडेवर ठेवून लिहिलं आणि चार घड्या करून आत टाकलं. मुखिया तिचा मामा. त्या लोकांत भाचीच्या बाजूने बोलायचं ते मामाने. बापाचं तिथे काही चालत नाही. मामा म्हणाला, काळजी करू नकोस, किल्ली माझ्याकडे आहे, सोमवारी तुझीच चिठ्ठी पहिली वाचायला लावतो.

शनिवारी मामा गेला. जेवता जेवता छातीला हात लावला आणि गेला.

आता नीट ऐका, कारण इथे कुणीच लबाडी केली नाही, आणि तरीही सगळं बिघडलं. मुखिया गेला की त्याच्या खोलीला कुलूप लागतं. आतली काठी, टोपी, वाटी, काही म्हणजे काही बाहेर निघत नाही. नवा मका निघाला, त्याची बिअर केली, घरच्यांनी डोकी भादरली, सुतक फिटलं, की मगच दार उघडतं. म्हणजे जुलैत. आणि त्या दाराशी चटई टाकून बसायचा मान बहिणीचा. म्हणजे फालेसीचा.

सोमवारी वेझी आली. आधी ती सुतकाच्या घरी गेली. तिथे काय बोलणं झालं ते बिस्विकने नंतर व्हरांड्यात सांगितलं. वेझी चटईवर बसली, रीतीप्रमाणे थोडी रडली, आणि हळूच म्हणाली की मुखियांकडे दवाखान्याची एक किल्ली होती. फालेसी म्हणाली, पोरी, त्याची वस्तू बिअरच्या आधी बाहेर येत नाही. वेझीने मान डोलावली. लोकांच्या रीतीचा मान राखा, हे तिला प्रशिक्षणात शिकवलं होतं. किल्लीवाचून पेटी उघडणारच नाही, हे तिने सांगितलं नाही. आणि माझ्या पोरीची चिठ्ठी त्यात आहे, हे फालेसीने सांगितलं नाही. चटईवर बसलेल्या बाईने स्वतःच्या घरची मागणी बोलायची नसते. शिवाय तिला वाटलं, सरकारचं कुलूप आहे, सरकारकडे दुसरी किल्ली असणारच. दोन बायका गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या. एक वाक्य कुणीतरी बोलायला हवं होतं.

वेझी दवाखान्यात आली आणि तिने कागदावर लिहिलं, ‘पुढे ढकलले’.

बिस्विक तिथेच होता. तो म्हणाला, “तीन कुलपं असू देत. कडी मी बसवलीय. चार स्क्रू काढले की झाकण हातात येईल. दोन मिनिटांचं काम.”

मित्रांनो, मला जीभ असती तर मी किंचाळले असते की काढ. उचकट मला. पण काचिंग्वे म्हणाला, पेटी फोडली असं वर कळलं तर चौकशी लागेल. वेझी म्हणाली, लोकांचा विश्वास उडेल. बिस्विकने पेचकस खिशात घातला. माझ्या पोटात ती चार घड्यांची चिठ्ठी तशीच राहिली. पुढे तीन गुरुवार गाडी गेली. तिन्ही वेळा मागची जागा रिकामी होती. मी पाहिलं आहे.

तादाला रोज वाट बघत होती, की सोमवारचा निरोप येईल; पुढे ढकलल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं. पोटुशीने सुतकाच्या घराकडे फिरकायचं नसतं, म्हणून ती आईकडे जाऊ शकत नव्हती. आईला वाटत होतं की पोर केव्हाच इस्पितळात पोचली असेल, पीठ संपत आलं असेल.

चौथ्या गुरुवारी गाडी सातला निघाली. चिखल होता म्हणून ड्रायव्हरने तिला जपून काढली. त्या दिवशीची बैठक कसली होती, विचारा. आम्हा चाळीस पेट्यांनी किती चांगलं काम केलं त्याची. नऊ वाजता तादालाला कळा सुरू झाल्या. दहाला तिचा नवरा तिला सायकलवर घेऊन माझ्यासमोर उभा होता. व्हरांड्यात फक्त झाडूवाली होती. ती म्हणाली, काचिंग्वे साहेब बैठकीला गेलेत, नर्स लसी द्यायला दुसऱ्या गावी. मग त्यांनी बैलगाडी केली. एव्हाना उसळलेल्या ओढ्यापाशी बैल थांबले. टाके उसवले, आतून. आई आणि बाळ, दोघंही तिथेच गेली. ओढा ओलांडायलाही मिळाला नाही.

बिस्विकने शवपेटी केली. पैसे घेतले नाहीत.

जुलैत बिअर झाली. खोली उघडली. नव्या मुखियाने किल्ली आणली, तिघं जमली, गाव जमलं. मला उघडलं. वेझीने चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावल्या, त्यामुळे पहिली आली ती तादालाचीच. ‘मला फक्त मागची जागा पाहिजे. मी खोका धरून बसेन. परत येताना नको, जातानाच.’ एवढंच होतं. वेझीने ती चिठ्ठी दोनदा वाचली. पण कचेरीच्या तक्त्यात प्रत्येक चिठ्ठीपुढे रकाना असतो आणि तो भरावा लागतो. तिने काचिंग्वेकडे पाहिलं. काचिंग्वे खालच्या आवाजात म्हणाला, “निकाली लिहा. आता दुसरं काय लिहिणार.”

फालेसी भादरलेल्या डोक्याने मागे उभी होती. ती पुढे आली. रागावलेली दिसत नव्हती.

“काचिंग्वे,” ती म्हणाली, “हे मी तुला तोंडाने सांगितलं होतं. आंब्याखाली. तू ऐकलंस. मग ते ऐकलेलं तू ठेवलंस कुठे?”

‘निकाली’ हा शब्द मात्र लिहिला गेला. मी वरून पाहिला.

त्यानंतर माझ्यात चिठ्ठ्या पडायच्या थांबल्या. वर्षभर एकही नाही. कचेरीत त्याचा अर्थ असा लावला गेला, की चिंबालांगात आता तक्रारच उरलेली नाही. दवाखान्याला त्याबद्दल एक प्रशस्तिपत्रक मिळालं. ते माझ्या डोक्यावरच लावलंय. त्याखाली मी लटकते, आणि मला लाज वाटते.

गुरुवारी सकाळी मात्र काहीतरी होतं, तेवढं सांगते. सातच्या आधी फालेसी येते. हातात चटई असते. गाडीच्या पुढच्या चाकांसमोर ती चटई टाकते आणि बसते. पहिल्या गुरुवारी ड्रायव्हरने भोंगा वाजवला, काचिंग्वे उतरला, नियम सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. आठ महिन्यांची गरोदर बाई पिठाची पिशवी घेऊन बाजूला उभी होती. काचिंग्वेने खोका स्वतःच्या मांडीवर घेतला. तेव्हापासून दर गुरुवारी कुणी ना कुणी त्या जागेवर बसून जातं. कधी अवघडलेली बाई, कधी तापाने फणफणलेलं पोर. याचा ठराव झालेला नाही, कुठल्या तक्त्यात याला रकाना नाही. बाई बसली, दार लागलं, की फालेसी चटई गुंडाळते. गाडी वळणाआड जाईपर्यंत त्या मागच्या खिडकीकडे बघत उभी राहते. घरी जाताना ती माझ्याकडे एकदाही पाहत नाही. तिचं बरोबर आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात, आम्हाला जपा, पुसा, मोडू नका. मी तसं सांगणार नाही. तुम्ही मोठे व्हाल, कुणी खुर्चीवर बसाल, कुणाच्या हातात किल्ली येईल, कुणाकडे गाडी असेल. एखादी बाई समोर उभी राहून काही मागेल. तेव्हा माझ्याकडे बोट दाखवू नका. तिचं तिथेच ऐका आणि गाडीचं दार उघडा. माझे चार स्क्रू काढून मला चुलीत घातलंत, तरी माझी काही तक्रार नाही.