शून्य ते दहा

“पुन्हा विसरलास!” मोठ्या सिस्टर रिकाम्या खाटेवर ताडकन उठून बसल्या. “नाव विचारलंस, गोळी दाखवलीस, कठडा लावलास. आणि शेवटचा प्रश्न? तो काय मी माझा मलाच विचारू?”

ब्रदरने ट्रे खाली ठेवला. रुग्णालयाला मानांकन द्यायचे की नाही, हे ठरवणारी मंडळी उद्या येणार होती. म्हणून भर दुपारी, खऱ्या रोग्यांना ताटकळत ठेवून, रोग्याशी कसे बोलावे याचा सराव चालला होता. रोगी व्हायला दुसरे माणूस वॉर्डात उरले नव्हते. महिन्याभरात दोघी नोकरी सोडून गेल्या, आणि त्यांच्या पाळ्या या दोघांच्या गळ्यात पडल्या.

“‘आणखी काही हवंय का?’ एवढंच तर म्हणायचंय, मौनीबाबा. उद्या तोंडात मिठाची गुळणी धरून उभा राहिलास, तर सगळ्यांच्या कष्टांवर पाणी.”

सकाळपासून त्याच्या जिभेवर एकच वाक्य होते: सिस्टर, मीही जातोय. दुसरीकडची नोकरी पक्की झाली होती. होकार आजच कळवायचा होता. पण वाक्य ओठांशी आले की कुठली तरी घंटा वाजे.

आताही वाजली. खिडकीजवळच्या आजोबांची.

“वाजू दे. पहिल्यापासून घे,” म्हणत त्या पुन्हा आडव्या झाल्या.

त्याने नाव विचारले, गोळी दाखवली.

“दुखणं किती आहे? शून्य ते दहात सांगा.”

त्यांचे डोळे मिटले होते. पांढऱ्या बुटांच्या टाचा एका बाजूने पार झिजल्या होत्या.

“खरं सांगू?”

“सिस्टर, सराव आहे.”

“मग तीन.”

त्याने कठडा वर चढवला. खट्कन वाजू नये म्हणून तळहात मध्ये धरला. आणि मग, कुणी आठवण न करता, त्याच्या तोंडून गेले,

“आणखी काही हवंय का?”

“आज बरं आठवलं रे!” त्या डोळे न उघडता हसल्या. कठड्यातून हात बाहेर आला आणि रोगी धरतात तसा त्यांनी त्याच्या सदऱ्याचा काठ धरला. “कधीपासून जाणार?”

त्याने लागलेला कठडा पुन्हा चाचपला.

“एक तारखेपासून.”

सदऱ्यावरून त्यांचे एकेक बोट सुटले.

“जा.”

तो लगबगीने खिडकीकडे वळला आणि अर्ध्या वाटेत थबकला. बटण मुठीत धरून आजोबा झोपी गेले होते. घंटा केव्हाच थांबली होती.