शेजारची जागा

रूमियाला सरळ पुस्तक वाचता येत नसे. उलटं असलं की घडाघडा वाचायची. इस्रायलमधल्या रोश हाआयिनच्या, येमेनहून आलेल्या ज्यूंच्या वस्तीत याचं कुणाला नवल नव्हतं. येमेनमधल्या गावी अख्ख्या घरात एकच पोथी. आबा भावाला शेजारी बसवून शिकवायचे आणि रूमिया समोर शेंगा सोलायचं सोंग करत अक्षरं उचलायची. मुलींना कोण शिकवतंय! आता आबांची नजर गेल्यापासून मात्र दर शुक्रवारी दुपारी तीच त्यांना शनिवारच्या शब्बाथचा धर्मग्रंथातला पाठ वाचून दाखवी, समोर बसून.

आजचा पाठ यरीहो शहरातल्या राहाबचा होता. शहर पडणार हे ओळखून तिने शत्रूचे दोन हेर लपवले आणि त्यांच्याकडून घरच्यांच्या जिवाचं वचन घेतलं. रूमियाच्या खिशात पत्र होतं. भाऊ सालेम परधर्मातल्या मुलीपायी इकडे न येता गावीच राहिला, तेव्हापासून आबांनी त्याचं नाव टाकलं होतं. त्याला आता चाळीस वर्षं झाली. आई त्याच्यासाठी झुरत गेली. रूमियाही झुरतच होती, फक्त बोलत नव्हती. सालेमने विचारलं होतं, आबा हो म्हणाले तर फोन करू का? आबा चौऱ्याऐंशीचे होते. होकार आजच मिळवायला हवा होता.

"एकेक शब्द घे. पळू नकोस," आबा म्हणाले.

"'जिवंत राखा.'"

"कुणाला?"

"'माझ्या बापाला.'"

"माणूस सांग."

ही त्यांची जुनी रीत. नात्याचा शब्द आला की आपल्या घरातलं नाव घ्यायचं, मगच पुढे.

"येहया," तिने आबांचं नाव घेतलं. "'माझ्या आईला.' हमामा. 'माझ्या भावांना.'"

ती थांबली. आबांनी माणूस विचारलाच नाही.

"पुढे."

"रीत तुमचीच आहे, आबा."

"पुढे वाच म्हटलं ना."

रूमियाचं डोकं फिरलं. "राहाबने काय भाऊ निवडून मागितले होते? सगळे मागितले," असं म्हणत ती उठली आणि तरातरा जाऊन त्यांच्या शेजारी बसू लागली.

आबांचा हात बाकावर आडवा आला. "तिथे नको."

"का? रिकामीच तर आहे जागा."

"रिकामी नाही ती."

तिथे नातवंडांनाही ते कधी बसू देत नसत. म्हाताऱ्याला ऐसपैस लागतं, असं सगळे म्हणत. रूमियाही म्हणे. आता तिला पोथीपाशी शेजारी बसणारा भाऊ आठवला. ती परत समोर येऊन बसली आणि तिने पत्र काढलं. तिला वाचता यावं म्हणून ते आबांकडे तोंड करूनच ठेवावं लागलं.

त्यांनी कागद चाचपला. "कुणाचं?"

"सालेमचं. फोन करू का, विचारतोय."

आबांनी कागदावरचा हात उचलला नाही.

"पहिला शब्द?"

"'माझ्या बापाला,'" रूमियाने वाचलं आणि त्यांचं बोट धरून त्या शब्दावर ठेवलं. "पुढे वाचू?"

"थांब. पळू नकोस." बोट तिथेच राहिलं. मग, कुणी विचारलं नसताना, आबा हळूच म्हणाले, "येहया."

सबंध पत्र त्यांनी असंच, शब्द न् शब्द ऐकलं. संपल्यावर शेजारच्या जागेवर हात ठेवून म्हणाले, "फोन इथे आणून ठेव."