पहिल्या पानावरचं नाव

मी पेटीतून बोलतोय. मला घाई आहे, कारण दुसरं गीत सुरू झालंय. त्यानंतर पाळकसाहेबांची प्रार्थना, मग शेवटचं दर्शन, आणि मग झाकणाला खिळे.

माझ्या अंगावर दोन गार हात आहेत. ते गिदोन पाटोळेचे. काल सकाळी तो गेला. मेला तो आहे, मी नाही, पण त्याच्याबरोबर मलाही पुरायला निघालेत. आमच्याकडे तशी रीतच आहे. माणूस गेलं की त्याचं बायबल त्याच्या छातीवर ठेवायचं. रीत वाईट आहे असं मी कशाला म्हणू? पण मी त्याचं बायबल नाहीच. मी त्याच्या बायकोचं, मरियाचं. एवढ्या भरल्या चर्चमध्ये हे ठाऊक असलेली ती एकटीच. दुसरा ज्याला माहीत होतं, तो हा असा गप्प पडलाय.

छापखान्यातून निघालो तेव्हा मी चारचौघांसारखाच होतो. पातळ कागद, काळं कव्हर, कडांना लाल रंग. राहुरीजवळच्या या गावात आलो तो यांच्या लग्नात, आहेर म्हणून. तेव्हाच्या पाळकांनी माझ्या पहिल्या पानावर झोकदार अक्षरात लिहिलं, 'चि. गिदोन यास, विवाहानिमित्त.' नवरीचं नाव लिहायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सगळा घोळ तिथे सुरू झाला बघा.

पुढे त्याच पानावर घरातल्या तारखा लिहिल्या जाऊ लागल्या. आमच्यात घरोघरी असं पान असतं. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू. या घराच्या पानावर आधी एंजलचा जन्म लिहिला, मग तीन वर्षांनी सॅमचा. एंजल सहा वर्षांची असताना तापानं गेली, चार दिवसांत. गिदोन पेन घेऊन माझ्यासमोर बसला आणि तसाच उठला. तिच्या नावापुढची मृत्यूची जागा कोरीच राहिली.

त्या दिवशी मरिया त्याला म्हणाली होती, "तुमचा देव झोपलाय. आता हाका मारू नका त्येला." नंतर वर्षभर तो तिच्याशी धड बोलला नाही, आणि लेकीचं नाव तर घरात निघेनासंच झालं. मी कपाटावर जाऊन पडलो, पुढे सॅमच्या जुन्या वह्याही माझ्या अंगावर आल्या. नाताळात धूळ पुसायला तेवढा खाली यायचो.

गिदोन मुळा धरणाच्या कालव्यावर पाटकरी होता. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं ते बघायचा. तो निवृत्त झाला त्याच साली चर्चच्या फळ्यावर एक कागद लागला. विद्यापीठाच्या निरंतर शिक्षण विभागानं नगरच्या एका कॉलेजात वर्ग काढला होता, 'ख्रिस्ती धर्म आणि बायबल परिचय.' वयाची अट नाही, पदवीची अट नाही, दर शनिवारी दुपारी दोन तास. मरिया सातवी पास. तिनं तो कागद तीन रविवार दर वेळी नवा असल्यासारखा वाचला आणि चौथ्या रविवारी नाव दिलं.

सॅम सुप्याला कंपनीत कामाला. तो फोनवर हसला. "आई, शिकून कलेक्टर व्हायचंय का आता? गुडघं तरी धड हायेत का तुझं?"

गिदोनलाही ते खूळच वाटत होतं. पण पहिल्या शनिवारी तिच्या आधी तोच चपला घालून तयार. "बसमधी चढवायला कुनीतरी पायजे न्हवं," म्हणाला. मला कापडी पिशवीत घातलं आणि पिशवी आपल्या खांद्याला अडकवली. वर्गात मात्र कधी शिरला नाही. बाहेर पायरीवर बसून राहायचा. वर्ग सुटला की हात देऊन तिला पायऱ्या उतरवायचा आणि पुन्हा पिशवी खांद्याला.

गावाला काय दिसलं? म्हातारा दर शनिवारी बायबल घेऊन नगरला जातो. "गिदोनला उतारवयात लई भक्ती लागली," असं चावडीवर बोललं जायचं. तो मिशीतल्या मिशीत हसायचा, खरं काय ते कुणाला सांगायचा नाही.

वर्गात जया मॅडम शिकवायच्या. मरियाजवळ वही होती, पण वहीत तिचा हात चालेना. "मॅडम, ज्या ओळीचा सवाल त्या ओळीपाशीच लिवते मी," म्हणाली आणि शिसपेन्सिलीनं माझ्या पानांच्या कोऱ्या कडा भरायला लागली. 'हे कुनी बगितलं?' 'हितं मला पटत न्हाई.' 'मॅडमला इचारायचं.' खरं सांगतो, आधी मला रागच आला. म्हटलं, ही बाई मला काय पाटी समजते का? पण वीस-पंचवीस वर्षं कपाटावर पडून होतो, माझ्याशी कुणी असं भांडलंच नव्हतं. मग मी शनिवारची वाट बघायला लागलो.

एका शनिवारी मॅडमनी ईयोबाची गोष्ट घेतली. दहा लेकरं, गुरंढोरं, सगळं एका दिवसात गेलं तरी देवाला न सोडणारा ईयोब. त्याची बायको त्याला म्हणते, आता देवाला शिव्या दे आणि मर. त्या बाईच्या वाट्याला एवढंच एक वाक्य. वर्गातल्या सगळ्यांनी माना हलवल्या. शेवगावचे एक शेतकरी होते, आबासाहेब. हिंदू माणूस, पण दुसऱ्याच्या धर्मात काय आहे ते समजून घ्यायची हौस. ते म्हणाले, "पर मॅडम, ती धा लेकरं तिची बी हुतीच की. तिला कुनी इचारलं का?"

परतीच्या बसमध्ये मरियानं मला पिशवीतून काढून तेच एक वाक्य परत परत वाचलं. पुढच्या वेळी तिनं प्रकल्पाला विषय दिला, 'ईयोबाची बायको.' प्रकल्प दिला तरच प्रमाणपत्र. तो द्यायचाय येत्या शनिवारी. आज बुधवार. आणि तो सगळा माझ्या कडांना लिहिलेला आहे, वहीत एक ओळ नाही.

पण प्रकल्प बुडाला तर बुडाला असंही मी म्हटलं असतं. माझा जीव तुटतोय तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. गिदोनला दम लागायला लागला आणि त्याला दवाखान्यात ठेवलं. दुपारी मरिया त्याला मोठ्यानं वाचून दाखवायची. एक दिवस ती बायकोच्या त्या वाक्यापाशी आली आणि थांबली. त्यानं डोळे उघडले.

"तू बी आसंच म्हनली हुतीस," तो म्हणाला. "एंजल गेली तवा."

पंचवीस वर्षांनी ते नाव त्याच्या तोंडून आलं.

"मला बी तेच म्हनायचं हुतं गं. मला धीर झाला न्हाई. तू बोललीस, म्हनून मी तुझ्यावरच राग धरला."

मरियानं पेन्सिल घेतली आणि त्याचे शब्द जसेच्या तसे त्या वाक्याशेजारी लिहून ठेवले. अक्षर वाकडंतिकडं आलंय. सहा दिवसांनी तो गेला. ते उत्तर जगात दुसरीकडे कुठेच नाही, आणि ते आता मातीत चाललंय.

आज सकाळी सॅमनं मला पिशवीतून काढलं. पहिलं पान उघडलं, बापाचं नाव वाचलं आणि ढसाढसा रडला. अरे, एक पान उलट. दहा पानं उलट, आईचं अक्षर दिसेल. नाही उलटलं. "दादांनी मरेस्तोवर शास्त्र सोडलं न्हाई," म्हणाला आणि मला छातीवर ठेवलं. मरिया तेव्हा आतल्या खोलीत बायकांमध्ये होती. तिनं मला पाहिलं ते इथे चर्चमध्ये. ती उठायला गेली, तर शेजारणीला वाटलं हिला शोक आवरेना. तिनं खांदे दाबून खाली बसवलं.

गीत संपलं. प्रार्थनाही झाली. लोक एकेक येऊन फुलं ठेवून जातायत. मरियाला सगळ्यांत शेवटी आणलं.

"सॅम, ते बायबल काढ," ती म्हणाली.

"आसू दे आई. दादांचं हाय ते."

"माजं हाय."

कुजबुज झाली. पाळकसाहेब जवळ आले, हळू म्हणाले, "मरियाबाई, एकदा ठेवलेलं काढत नाहीत. तुम्हाला दुसरं देऊ आपण."

"दुसऱ्यात माजं काय लिवलंय?"

"लोक बघत्यात," सॅम दातओठ खात म्हणाला. "त्या सर्टिफिकिटापायी दादांच्या छातीवरनं वढून घेनार का तू?"

तिचा चेहरा पडला. हात मागे गेला. मला वाटलं, संपलं आपलं. पण तिनं गिदोनची बोटं एकेक करून उचलली, मला काढलं आणि बरोबर ते पान उघडून सॅमपुढे धरलं. "वाच. पेन्सिलीचं."

सॅमचे ओठ हलले. बहीण गेली तेव्हा तो तीन वर्षांचा होता. तिच्याबद्दल घरात त्याला कुणी कधी काही सांगितलं नव्हतं. "हे दादा म्हनलं?"

"व्हय."

मग ती पहिल्या पानावर आली. माझ्या पाठीत खोचलेली पेन्सिल काढली. गिदोनच्या नावापुढे कालची तारीख लिहिली, एंजलच्या नावापुढे पंचवीस वर्षांपूर्वीची. आणि ते पान शिवणीपासून सावकाश फाडलं. सगळ्या चर्चला ऐकू गेलं. पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले. मला दुखलं हो, फार दुखलं, पण मी हूं की चूं केलं नाही.

पानाची घडी करून तिनं ती त्याच्या हातांखाली सरकवली. "हे तुमचं. लेक तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. बाकीचं माजं हाय, शनवारी द्यायचं हाय."

आता खिळे ठोकतायत आणि मी बाहेर आहे, तिच्या पदराखाली. सुटलो म्हणून आनंद व्हायला हवा, पण होत नाही. सॅम पेटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलाय, आईकडे बघत नाही. बायका तिच्यापासून हातभर लांब सरकल्यात. बायबल फाडणारी बाई म्हणून तिचं नाव आता गावात कायमचं झालं. तिनं पेन्सिल मुठीत एवढी आवळलीय की बोटं पांढरी पडलीत.

शनिवारी तिला एकटीला बस पकडायची आहे. त्या पायरीपाशी ती पोचेल, आणि पायरी रिकामी असेल. मी तिला चांगला ओळखतो. ती तिथेच बसेल. वर्ग सुरू होईल, मॅडम हजेरी घेतील, आणि ती मला मांडीवर घेऊन बसून राहील. मी कितीही ओरडलो तरी तिला ऐकू जाणार नाही.

म्हणून तुम्हाला सांगतोय. या शनिवारी दुपारी तुमच्यापैकी कुणी नगरला त्या कॉलेजात गेलं, तर पायरीवर कापडी पिशवी घेतलेली एक बाई दिसेल. तिला काही विचारू नका, समजूतही घालू नका. फक्त हात द्या. गुडघ्यांमुळे तिला एकटीला उठता येत नाही.