टेपखालची वायर

उजव्या हाताची बोटं मिटेनाशी होऊन त्याला आठ महिने झाले होते. फोटो स्टुडिओतल्या फिल्म धुण्याच्या जुन्या मशीननं एका दुपारी विजेचा असा झटका दिला, की तो मागच्या भिंतीवर जाऊन आदळला. तेव्हापासून मशीन चादरीखाली होतं. ते दुरुस्त करणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं आणि कॉलेजातली मुलं तर पुन्हा हौसेनं रिळं घेऊन येत होती. शेवटी ठरलं, डोकं त्याचं आणि हात बायकोचे.

ठरलं म्हणजे त्यानं ठरवलं.

"सूनबाई, लाकडी फळीवर उभी राहा गं," बाहेर काउंटरवरून सासूबाईंनी बजावलं. "चपला काढू नकोस."

मागच्या खोलीला खिडकी नव्हती. औषधांचा आंबूस वास अजून भिंतींत मुरलेला होता. तो तिच्या खांद्यामागे उभा राहिला.

"मशीनचं बटण बंद केलंस ना? मग उघड बाजूचं झाकण. घाबरायचं काही नाही."

"तुम्हाला काय जातंय सांगायला," ती म्हणाली खरी, पण लगेच जीभ चावली.

तिनं स्क्रूपर्यंत नेलेला हात मागे घेतला. कारण काही नव्हतं, नुसती भीती. तिनं आधी टेस्टर मशीनच्या पत्र्याला टेकवला.

टेस्टरमधला दिवा मिणमिणला.

"अहो..."

तो पुढे वाकला. बटण बंदच होतं. दिवा विझत नव्हता.

"मागे हो," तो एकदम हळू आवाजात म्हणाला. "कशालाही धरू नकोस. आई! मेन पाड! आत्ताच्या आत्ता!"

खटका पडला आणि खोलीत मिट्ट काळोख झाला. ती फळीवर तशीच खिळून राहिली. मशीन नेमकं किती बोटांवर आहे, तेच कळेना. डाव्या हातानं बॅटरी चाचपताना त्यानं ती एकदा खाली पाडली, तेव्हा तिच्या तोंडून किंकाळीच निघाली.

बॅटरीच्या उजेडात त्यानं प्लग उपसला, तिनं तो उघडला. आत वायरी उलट्या बसवलेल्या. बटण बंद केलं तरी वीज मशीनच्या आतपर्यंत येतच होती.

"त्या दिवशी मीही बटणच बंद केलं होतं," तो म्हणाला. "टेस्टर नाही लावला."

तिनं झाकण काढलं. पुन्हा टेस्टर, पुन्हा एकदा. मग श्वास रोखून हात आत घातला. फिल्म वाळवणाऱ्या हीटरची वायर पत्र्याच्या धारेवर घासून सोलवटली होती, उघडं तांबं पत्र्याला टेकलेलं.

"हीच ती," तो म्हणाला. "पण अर्थिंग असताना पत्र्यात वीज..." आणि थांबला.

अर्थिंगची, वीज जमिनीत उतरवणारी हिरवी वायर तिनं ओढून बाहेर काढली. ती कशालाच जोडलेली नव्हती. टोकाला काळी टेप होती आणि टेपचं शेपूट आत दुमडलेलं, नंतर नखानं उचलता यावं म्हणून. तशी टेप घरात एकच माणूस लावायचा.

"तुम्ही सोडवलीत?"

"ती जोडलेली असली की सारखा मेन पडायचा गं. कामं खोळंबली होती. म्हटलं, दोन दिवसांपुरतं..."

"किती दिवस?"

"मला झटका बसेपर्यंत. महिनाभर."

त्या महिन्यात नुसत्या फळीच्या आणि चपलांच्या भरवशावर ती रोज ओल्या हातांनी याच पत्र्याला टेकून रिळं लावत होती. सासूबाई चहा आणून कप त्याच्यावरच ठेवायच्या. ती फळीवरच बसली.

मग तिनं नवी वायर घातली, हिरवी वायर जागेवर घट्ट आवळली, प्लग सरळ केला. मेन चढला. टेस्टर विझलेला. बटण दाबलं, मशीन गुरगुरलं, मेन टिकला, टेस्टर तरीही विझलेलाच. पण पत्र्याला हात लावायचा धीर तिला होईना. तो पुढे सरसावला तशी तिनं त्याला अडवलं.

"तुमचा एक हात गेला तेवढा पुरे."

तिनं डोळे मिटून हाताची मागची बाजू टेकवली. पत्रा नुसता गार होता.

"जा," ती म्हणाली. "आईंना तुमच्याच तोंडानं सांगा, वायर कुणी सोडवली ते."

तो पडदा सारून बाहेर गेला. त्याचं पुटपुटणं तिला ऐकू येत होतं. ते संपल्यावर सासूबाई पडदा सारून आत आल्या आणि फळीवर तिच्या शेजारी उभ्या राहिल्या.